मालाची जागा आणि आपला पैसा

(नवसाक्षर स्त्री-पुरुषांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एक साधा विषय मांडणार आहोत. दुकानात साखर कुठे असते? साबण कुठे असतो? गोळ्या-बिस्किटे कुठे असतात? तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? दुकानदाराने जिथे ठेवले तिथे असते! खरे आहे. पण त्याने ते तिथेच का ठेवले? या 'का'मध्ये आपल्या घामाचा पैसा गुंतलेला आहे. म्हणून तो प्रश्न आपण विचारला पाहिजे.

वाण्याचे दुकान

आधी आपल्या गावातलेच दुकान डोळ्यांपुढे आणा. अगदी पुढे काचेच्या बरण्या असतात. बरण्यांत गोळ्या, चिक्की, बिस्किटे. त्या पुढेच का? कारण पोर आईचे बोट धरून दुकानात येते. आईची नजर तराजूवर असते आणि पोराची बरणीवर. वर दोरीला शांपूच्या आणि सुपारीच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. जाता जाता "एक पुडी तोडा हो," असे सहज म्हणता येते. तांदूळ, गूळ, तेल मात्र आत असते. ते ज्याला हवे तो मागणारच. ते दाखवावे लागत नाही.

म्हणजे मांडणीची अक्कल आपल्या वाण्यालाही आहे. पण तिथे माल आणि आपण यांच्यामध्ये वाणी उभा असतो. आपण नाव घ्यायचे, त्याने वस्तू द्यायची. नाव घेतल्याशिवाय वस्तू हातात येत नाही. त्यामुळे जे मनात योजून आलो, बहुतेक तेवढेच घेऊन घरी जातो.

आता तालुक्याच्या गावी नवे दुकान निघाले आहे. लोक त्याला मॉल म्हणतात, मार्ट म्हणतात. तिथे मध्ये कोणी उभे नसते. आपणच आत जायचे, आपणच माल उचलायचा, आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. ही पद्धत आली कुठून, ते आधी पाहू.

मेंफिस शहरातली युक्ती

अमेरिकेत मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी मेंफिस शहर आहे. आपल्याकडे अकोला, तसे ते कापसाच्या व्यापाराचे गाव. तिथे क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या व्यापाऱ्याने १९१६ साली एक किराणा दुकान काढले. नाव ठेवले 'पिगली विगली'. नाव गमतीचे होते, पण काम मोठ्या हिशेबाचे होते.

तोवर तिकडची दुकानेही आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच होती. गिऱ्हाइकाने मागायचे आणि नोकराने आतून काढून द्यायचे. साँडर्सने ही रीत बदलली. दाराशी एक फिरता अडसर बसवला. गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिली. आणि आत जाण्याची वाट नागमोडी केली. एकदा आत शिरले की सगळ्या फळ्यांपुढून फिरत फिरतच पैसे भरण्याच्या जागी पोचायचे. मधून परत फिरायची सोय नव्हती. १९१७ साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे, 'ही युक्ती माझी आहे, दुसऱ्याने ती विचारल्याशिवाय वापरू नये,' असा सरकारी दाखला.

याने काय झाले? नोकर कमी लागले. खर्च वाचला. माल स्वस्त देता आला. गिऱ्हाईक खूश झाले, कारण हवी ती वस्तू हातात घेऊन बघता आली. हा झाला एक फायदा. दुसरा फायदा दुकानदाराचा. नुसते मीठ घ्यायला आलेला माणूसही सगळे दुकान बघून जाऊ लागला. आणि बघितले की मन होतेच.

आपल्यात म्हण आहे, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही. साँडर्सच्या दुकानात विकणारा गप्प झाला, आणि मालच बोलू लागला. सात वर्षांत त्याच्या नावाची हजारावर दुकाने झाली.

पुढे १९३७ साली आणखी एक गोष्ट घडली. ओक्लाहोमा शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या ध्यानात आले की, टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते. मग त्याने चाकांची ढकलगाडी केली. पण गंमत बघा, लोक ती घेईनात! पुरुषांना वाटे, आम्ही काय इतके दुबळे आहोत? तरण्या बाया म्हणत, पोरांच्या गाड्या ढकलल्या तेवढ्या पुरे झाल्या. तेव्हा गोल्डमनने काही माणसे पगार देऊन ठेवली. त्यांनी गिऱ्हाईक असल्यासारखे गाड्या ढकलत दुकानात फिरायचे, एवढेच काम. त्यांना पाहून बाकीचे शिकले. हात दुखतो तेव्हा माणूस थांबतो. गाडीने हाताचे दुखणे गेले, आणि थांबणेही गेले.

आपल्याकडे ही पद्धत मागाहून पसरली. मुंबईत पवईला २००२ साली डी-मार्टचे पहिले दुकान निघाले. त्याच्या आदल्या वर्षी किशोर बियाणी यांनी बिग बझार सुरू केले होते. बियाणींनी एक गोष्ट हेरली. आपल्या लोकांना आठवडे बाजाराची सवय आहे. गर्दी नसली तर दुकान महाग असेल असे वाटते. धान्य हातात घेऊन, दाणा दाताखाली धरून बघितल्याशिवाय समाधान होत नाही. म्हणून त्यांनी मुद्दाम दाटीवाटीची मांडणी केली आणि डाळ-तांदूळ उघडे ठेवले. ती दुकाने पुढे कर्जात बुडून २०२२ साली बंद झाली. पण त्यातून एक गोष्ट कळते. दुकानदार आधी आपली सवय वाचतो आणि मग माल मांडतो.

कोणती वस्तू कुठे?

चला, आता आपण मनाने अशा दुकानात फिरून येऊ.

पहिली गोष्ट. रोज लागणारा माल बहुधा आत असतो. साखर, डाळ, तांदूळ, तेल. ते घ्यायला प्रत्येकजण जाणारच. मग जाताना आणि येताना बाकीच्या मालापुढून जाऊ दे, असा विचार असतो.

दुसरी गोष्ट. फळ्यांत उंच-नीच आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणि छातीच्या उंचीवर जी फळी येते, ती सगळ्यांत मोलाची. तिथली वस्तू न वाकता दिसते, न ताणता हाती येते. ज्या मालात दुकानाला जास्त नफा, किंवा ज्याची कंपनी मोठी, तो माल बहुतेक तिथे बसतो. तसाच चांगला पण स्वस्त माल पुष्कळदा खाली, गुडघ्याच्या खाली असतो. तो घ्यायला वाकावे लागते. आता सांगा, शेतात दिवसभर वाकणाऱ्या आपल्या माणसांना दुकानात एकदा वाकायला काय झाले?

तिसरी गोष्ट. पोरांच्या नजरेची फळी वेगळी. रंगीत डबे, चित्रांचे पुडे, आत खेळणे असलेल्या गोळ्या पुष्कळदा पोरांच्या हाताला येतील अशा ठेवतात. पोर मागते, रडते, आणि बापाला चार लोकांत 'नाही' म्हणायची लाज वाटते. दुकानदाराला हे ठाऊक असते.

चौथी गोष्ट. रांगेचे टोक. दोन रांगांच्या मधली वाट संपते तिथे माल रचून ठेवलेला असतो. वर मोठी पाटी असते. ढीग पाहिला की आपल्याला वाटते, हे स्वस्त असणारच. आठवडे बाजारात ढीग म्हणजे स्वस्ताई, ही आपली जुनी ओळख. पण दुकानातला ढीग कधी खरोखर स्वस्त असतो, तर कधी नुसता ढीग असतो. किंमत वाचल्याशिवाय कळत नाही.

पाचवी गोष्ट. पैसे भरण्याची जागा. तिथे रांग लागते आणि आपण रिकामे उभे असतो. हाताशी चॉकलेट, गोळ्या, दाढीची पाती असले बारीकसारीक सामान असते. दहा-वीस रुपयांची वस्तू. मन म्हणते, एवढ्याने काय होते? पण महिन्यातून चार खेपा आणि दर खेपेला वीस रुपये धरा. वर्षाचे नऊशे साठ रुपये झाले. तेवढ्यात पोरांची वह्या-पुस्तके येतात.

जागेलाही भाडे असते

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल. फळीवरची जागा विकली जाते! आपल्या गावच्या जत्रेत देवळाच्या दारापुढची जागा आणि मागच्या बोळातली जागा यांचे भाडे सारखे असते का? नसते. तसेच दुकानातही आहे. अमेरिकेत १९८० नंतर कंपन्यांनी दुकानदाराला नुसत्या जागेसाठी पैसे देण्याची चाल वाढली. आपल्याकडेही आहे. मोठ्या दुकानात कंपन्या चांगल्या जागेसाठी पैसे मोजतात. लहान दुकानदारालासुद्धा दर्शनी भागात माल मांडला तर कंपनीकडून काही सूट किंवा बक्षीस मिळते. तो त्याला 'स्कीम' म्हणतो.

म्हणजे एखादी वस्तू डोळ्यांसमोर आहे, ती चांगली आहे म्हणूनच असेल असे नाही. तिने जागेचे भाडे भरले असेल. आणि ते भाडे शेवटी कुणाच्या खिशातून निघते, ते तुम्ही जाणताच.

दुकानदाराला हे कळते कसे?

अंदाजाने नव्हे, हिशेबाने कळते. पुड्यावर काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांची चौकट असते. पाहिली आहे ना? त्याला बारकोड म्हणतात. पैसे भरताना यंत्र त्या रेघा वाचते. १९७४ सालच्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या ट्रॉय नावाच्या गावी, दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा अशी वस्तू वाचली गेली. ती होती चघळायच्या गोळ्यांची पाकिटे. तेव्हापासून कोणती वस्तू, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, किती खपली, याची नोंद यंत्रात राहू लागली.

मग दुकानदार प्रयोग करतो. चहाचा पुडा खालच्या फळीवरून वरच्या फळीवर आणतो. चार आठवडे बघतो. खप वाढला तर तिथेच ठेवतो. असे करत करत प्रत्येक फळीचा नकाशा तयार होतो. कुठला पुडा कितव्या फळीवर, आणि त्याच्या किती रांगा, सगळे त्यात आखलेले असते. दुकानातली पोरे त्या नकाशाप्रमाणे माल लावतात. बघा, आपण आपल्या शेताचा हिशेब ठेवत नाही, पण आपल्या खरेदीचा हिशेब दुसरा कोणी चोख ठेवतो!

सगळेच कपट नव्हे

पण मंडळी, न्यायाने बोलावे. सगळीच मांडणी कपटाची नसते. जड पोते खाली ठेवतात, कारण वरून पडले तर डोके फुटेल. साबण आणि अगरबत्ती धान्यापासून लांब ठेवतात, कारण पिठाला वास लागतो. दुधा-दह्याची थंड कपाटे पुष्कळदा मागच्या भिंतीला असतात, कारण मागच्या दाराने गाडीतला माल थेट कपाटात जातो. चहाजवळ साखर ठेवली तर आपलाही शोध वाचतो. जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे ठेवतात, कारण आधी आलेला आधी खपावा, वाया जाऊ नये. यात वावगे काही नाही. फक्त आपण तारीख वाचून घ्यावी.

दुकानदाराने आपला नफा पाहावा. तो त्याचा धंदा आहे. आपण आपला संसार पाहावा. तो आपला धंदा आहे.

विलायतेतला कायदा

कुणी म्हणेल, "नुसत्या जागेने काय होते? घेणारा शहाणा असला म्हणजे झाले." तर त्याला ही हकिकत सांगा. इंग्लंडमध्ये पोरे लठ्ठ होऊ लागली, म्हणून सरकार काळजीत पडले. १ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे एक कायदा लागू झाला. फार साखरेचे, फार मिठाचे, फार चरबीचे ठरावीक खाद्यपदार्थ मोठ्या दुकानांनी तीन जागी ठेवायचे नाहीत. एक, दाराशी. दोन, रांगेच्या टोकाला. तीन, पैसे भरण्याच्या जागी. दुकान दोन हजार चौरस फुटांचे किंवा मोठे, आणि धंद्यात पन्नास किंवा जास्त नोकर असले म्हणजे हा नियम लागतो. ते पदार्थ विकायला बंदी नाही. फक्त त्या जागा बंद केल्या. शिकल्या-सवरलेल्या देशाच्या सरकारलाही जागेवर कायदा करावा लागला. मग जागेत केवढे बळ असेल, विचार करा.

आपल्या हाती काय आहे?

आपल्या हाती आता अक्षर आहे. हे लहान हत्यार नव्हे. फळीची जागा डोळ्याला भुलवते. अक्षर मनाला जागे करते. तेव्हा चार गोष्टी करा.

एक. घरून यादी लिहून न्या. धनी-धनीण दोघांनी बसून लिहा. यादीत नाही ते घ्यावेसे वाटले तर एकमेकांना विचारा, हे नसले तर काही अडेल का?

दोन. वरची, मधली आणि खालची, तिन्ही फळ्या बघा. हवी ती वस्तू सापडली तरी एकदा वाकून खाली बघा.

तीन. वजन आणि किंमत दोन्ही वाचा. समजा, साबणाच्या पावडरीचा एक पुडा ४०० ग्रॅमचा आहे आणि त्याची किंमत ६० रुपये. दुसरा २५० ग्रॅमचा आहे, किंमत ३५ रुपये. मोठा पुडा स्वस्त असेल, असे वाटते ना? हिशेब करा. पहिल्याचे १०० ग्रॅम १५ रुपयांना पडले. दुसऱ्याचे १०० ग्रॅम १४ रुपयांना. लहान पुडाच स्वस्त निघाला! दुसऱ्या खेपेला मोठा स्वस्त निघेल. म्हणून दर वेळी वाचायचे. वजनमापाच्या नियमांमुळे आता पुष्कळ पुड्यांवर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भावही छापलेला असतो. पण हे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. म्हणून आमचे सांगणे आहे की, वर्गात इंग्रजी दहा आकडे जरूर शिकून घ्या. दहाच आहेत. आठ दिवसांत येतील.

चार. पुड्यावर एम. आर. पी. ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ती सगळ्यांत जास्त किंमत, कर धरून. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. जास्त मागितली तर बिल मागा. तक्रारीसाठी सरकारचा फोन आहे, १९१५. हा आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवा.

आपणही विकतो

शेवटी बायांसाठी एक गोष्ट. तुमच्यातल्या कितीतरी जणी बचत गटात आहेत. पापड, शेवया, मसाला, चटण्या करतात. गटाचा माल चांगला असूनही मागच्या फळीवर धूळ खात पडतो, अशी तक्रार आम्ही गावोगाव ऐकतो. मोठी कंपनी जागेचे भाडे भरते. गट कुठून भरणार?

पण जत्रेत, आठवडे बाजारात, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात तुमचे टेबल तुमचे असते. तिथे ही विद्या वापरा. माल जमिनीवर पसरू नका. खोके मांडून, वर कापड घालून उंची द्या. जो माल पुढे जायला हवा तो बघणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर ठेवा. एक पुडा उघडून चवीला पुढे ठेवा. पापडाशेजारी चटणी मांडा. किंमत मोठ्या अक्षरात लिहा, कारण भाव विचारायला पुष्कळांना संकोच वाटतो. आणि गावच्या दुकानदाराला गटाने मिळून जाऊन सांगा, "शेटजी, महिनाभर आमचा मसाला पुढच्या फळीवर ठेवून बघा. खपला नाही तर आम्ही परत नेऊ." एकटीचे तो ऐकणार नाही. दहा जणींचे ऐकेल, कारण त्या दहा जणी त्याचे गिऱ्हाईक आहेत.

आणि जी गोष्ट आपल्याला दुसऱ्याकडून खपत नाही, ती आपण करू नये. तारीख गेलेला पुडा पुढे मांडू नये. ढीग करून स्वस्ताईचा भास करू नये.

मंडळी, दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांना बिचाऱ्यांना पुडा वाचता येत नव्हता. तुम्हाला येतो. येत्या बाजाराला जाल तेव्हा निदान एक पुडा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. वेळ लागला तर लागू द्या. मागे उभा असलेला माणूस थांबेल थोडा.

वाचून झाल्यावर आपसात बोला

१. आपल्या गावच्या दुकानात कोणता माल पुढे आहे आणि कोणता आत? का?
२. मागच्या बाजारात यादीत नसलेली कोणती वस्तू घरात आली? ती कुठे ठेवलेली होती?
३. चहाचा २५० ग्रॅमचा पुडा १२० रुपयांना आणि १०० ग्रॅमचा पुडा ५० रुपयांना आहे. कोणता स्वस्त?
४. तुमच्या गटाचा माल तुम्ही कसा मांडाल?